मुलांचा लठ्ठपणा आणि कमी उत्पन्नाची घरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तीतल्या आरोग्य शिबिरात, अंगणवाडीच्या पालकसभेत आणि दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर आई-वडील, आज्या जे विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या शहरी वस्त्यांत राहणाऱ्या, रोजंदारीवर किंवा तुटपुंज्या पगारावर चालणाऱ्या घरांना धरून लिहिली आहेत. काही उत्तरं सेविका, आशाताई आणि शिक्षकांसाठी आहेत.

आमचं पोर गुटगुटीत आहे. त्याला लठ्ठ का म्हणता?

नजरेने ठरवू नका, मोजा. बाळसं कौतुकाचं असतंच, पण पाच वर्षांनंतरही पोट, छाती, मांड्या भरतच चालल्या असतील तर मोजमाप हवं.

उंची मोजताना चप्पल काढा, मुलीचा अंबाडा किंवा क्लिप सोडा. टाचा, कुल्हे आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर. डोक्यावर पाटी किंवा जाड वही आडवी धरून भिंतीवर खूण करा आणि खुणेपर्यंत टेपने मोजा. वजन करताना दप्तर उतरवा, खिसे रिकामे करा. मग वजनाला (किलो) उंचीने (मीटर) दोनदा भागा. समजा दहा वर्षांचा मुलगा १३५ सेंटिमीटर उंच आणि ४२ किलोचा आहे. ४२ भागिले १.३५, पुन्हा भागिले १.३५, उत्तर येतं २३. मोठ्या माणसात २३ हा आकडा फारसा चिंतेचा नाही. पण दहा वर्षांच्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात लठ्ठपणाची रेषा २१.४ ला आहे. म्हणून मुलांचा आकडा नेहमी वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्त्यावरच वाचायचा.

५ ते १८ वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आपल्या मुलांचे तक्ते काढले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांचे सहकारी पुढे होते. आपल्याकडे कमी वजनावरही मधुमेहाचा धोका सुरू होतो, हे धरून त्यातल्या रेषा आखल्या आहेत. तक्ता हाताशी नसेल तर एक दोरी घ्या. मुलाच्या उंचीएवढी कापा, दुमडून निम्मी करा आणि पोटाभोवती गुंडाळा. टोकं एकमेकांना भिडली नाहीत तर दवाखाना गाठा.

गरिबाघरी कसला आलाय लठ्ठपणा? हा श्रीमंतांचा आजार ना?

हा समज खोलवर रुजलेला आहे आणि त्यापायी अनेक मुलं वर्षानुवर्षं तपासलीच जात नाहीत. २०२५ मध्ये युनिसेफने जगभरची आकडेवारी मांडली. ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलं ९.४ टक्के आणि कमी वजनाची ९.२ टक्के. लठ्ठपणा पुढे जाण्याची ही पहिलीच वेळ. आपल्याकडे कुपोषण हटलेलं नाही, त्यात हे वाढलं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती आणि त्याच पाहणीत देशभर जास्त वजनाच्या बालकांचं प्रमाण २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. एकाच खोलीत थोरला जाड आणि धाकटी अशक्त, हे वस्तीत काम करणाऱ्या कुणालाही नवं नाही.

कारण पैशाच्या हिशोबातच आहे. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू. डाळ, अंडी, भाजी, फळ बाजारातून आणायचं. महिनाअखेर हात आखडला की आधी भाजी जाते, मग डाळ. भात, चपाती, बटाटा, तेल आणि साखर मात्र राहतात. पोट भरतं, पण प्रथिनं आणि तंतू कमी पडतात आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. त्या भुकेच्या वेळी गल्लीच्या तोंडावर पाच रुपयांचं पाकीट लटकलेलं असतं. पाच रुपयांत सफरचंद येत नाही.

दुसरं कारण जन्माआधीचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची मापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त टिकून होती. अशा शरीराला पुढे साखर, तेल आणि बसणं जास्त मिळालं की चरबी पोटाभोवती साठते. आईच्या गरोदरपणातला आहार हाही लठ्ठपणाच्याच कामाचा भाग आहे, असं मी म्हणते ते यामुळे.

उरलेलं कारण म्हणजे जागा आणि वेळ. दहा बाय दहाची खोली, बाहेर रिक्षा-टेम्पोंची वर्दळ, आई चार घरची कामं करून संध्याकाळी परतणार. तोवर मूल सुरक्षित राहावं म्हणून कडी लावून हातात फोन दिला जातो. त्या आईला दोष देणारा कार्यक्रम चालणार नाही आणि चालूही नये.

वयात आला की उंची वाढून आपोआप बारीक होईल ना?

थोड्या मुलांचं होतं, बहुतेकांचं नाही. दहा-बारा वर्षांचं लठ्ठ मूल पुढे लठ्ठच राहण्याची शक्यता जास्त. मात्र वाढीचं वय आपल्या बाजूने आहे. या वयात उंची वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढते. वजन फक्त जागच्या जागी थांबलं तरी उंची त्याला गाठते. लहान मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा आपण वजन घटवायला नाही, थोपवायला निघालेलो असतो.

थायरॉइड असेल का?

क्वचित. लठ्ठ आहे पण वर्गातल्या मुलांपेक्षा उंच किंवा बरोबरीचं आहे, तर हार्मोनचा दोष बहुधा नसतो. वजन वाढतंय आणि उंची मात्र थांबली आहे, असं असेल तर थायरॉइड आणि इतर हार्मोनच्या तपासण्या लवकर करून घ्या. सगळ्या मुलांच्या महागड्या तपासण्या करून आणायला कुणी सांगत असेल तर कारण विचारा.

मानेवर काळा पट्टा आलाय. घासून घासून निघत नाही.

घासू नका. तो मळ नाही. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी जाडसर काळी कातडी दिसते, ती बहुतेकदा शरीरात इन्सुलिन (रक्तातली साखर आवरणारं हार्मोन) नीट काम करत नसल्याची खूण असते. आया बिचाऱ्या काथ्याने, लिंबाने, सोड्याने मान सोलून काढतात, वर मुलीला अस्वच्छ म्हणून बोलणी बसतात. हा पट्टा दिसला की रक्तातली साखर तपासायची. वजन आवरलं की तो हळूहळू फिका होतो.

दवाखान्यात नेमकं काय होतं आणि जायचं कुठे?

सुरुवात जवळच्या पालिका दवाखान्यापासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. उंची, वजन, पोटाचा घेर आणि रक्तदाब या चार गोष्टींना पैसे लागत नाहीत. मुलाचा रक्तदाब त्याच्या दंडाच्या मापाच्या पट्ट्यानेच घ्यायचा असतो, तेवढं आठवणीने सांगा. दहा वर्षांपुढच्या लठ्ठ मुलाची साखर, चरबी आणि यकृताची रक्ततपासणी करतात. गरज पडली तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा मोठ्या पालिका रुग्णालयाच्या बालरोग विभागात पाठवतात.

शाळेत आणि अंगणवाडीत येणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. २०१३ मध्ये हा कार्यक्रम आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि उंची-वजनाचे आकडे वहीत उतरवून घ्या. किशोरवयीन मुला-मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाने क्लिनिक चालतात. तिथे मूल आई-वडिलांना बाहेर बसवून एकटं बोलू शकतं.

खर्चाबद्दल: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि पालिकांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत. तिथे केसपेपर आणि चाचण्यांचे दर वेगळे असतात, खिडकीवर आधी विचारा.

डॉक्टर पाच मिनिटं समजावतात आणि पाठवतात. तेवढ्याने काही होतं का?

फारसं होत नाही, हे अभ्यासांतूनच दिसलं आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने सगळे प्रयोग चाळून काढलेला निष्कर्ष असा, की मूल आणि पालक यांच्याबरोबर वर्षभरात निदान २६ तास काम झालं तर ठोस फरक दिसतो. पाच मिनिटांची भेट महिन्यातून एकदा घेतली तर वर्षाला एक तास भरतो.

येल विद्यापीठाचा न्यू हेवन शहरातला ‘ब्राइट बॉडीज’ कार्यक्रम बघण्यासारखा आहे. शहराच्या वस्त्यांतली ८ ते १६ वयाची मुलं, त्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिन कुटुंबांतली बरीच. पहिले सहा महिने आठवड्यातून दोनदा ५० मिनिटांचा व्यायाम आणि एकदा ४० मिनिटांचा आहाराचा, सवयींचा वर्ग. त्या वर्गाला पालकही बसायचे. पुढचे सहा महिने पंधरा दिवसांतून एकदा. २००७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. वर्षअखेर कार्यक्रमातल्या मुलांचं वजन सरासरी ०.३ किलोने वाढलं आणि नेहमीचा क्लिनिकमधला सल्ला घेणाऱ्यांचं ७.७ किलोने. उपाशी कुणालाच ठेवलं नव्हतं.

ब्रिटनमधल्या ‘मेंड’ कार्यक्रमात नऊ आठवड्यांत दोन-दोन तासांची १८ सत्रं होती. ती रुग्णालयात न घेता वस्तीजवळच्या केंद्रांत घेतली जात. पालकांना दुकानातल्या पाकिटांवरची माहिती वाचायला शिकवत आणि मुलांना पळवत, खेळवत. आपल्याकडे हे जसंच्या तसं आणता येणार नाही, पण साचा घेण्याजोगा आहे: गट, सातत्य, घरचं मोठं माणूस सोबत, आणि व्यायामाच्या नावाखाली खेळच.

एवढ्या वेळा यायचं कसं? एक दिवस खाडा म्हणजे पगार कापला.

हा प्रश्न पालकांचा आहे, पण उत्तर कार्यक्रम चालवणाऱ्यांनी द्यायचं आहे. सकाळी अकराला मोठ्या रुग्णालयात बोलावलं की पहिल्या भेटीला वीस घरं येतात आणि चौथ्या भेटीला उरतात ती नोकरदार नातेवाईक घरी असलेली. मग अहवालात लिहिलं जातं, ‘पालकांमध्ये जागरूकतेचा अभाव’. हे वाक्य मला दुखतं. अभाव असतो तो दीड दिवसाच्या मजुरीचा.

सत्र वस्तीतच, समाजमंदिरात किंवा पालिका शाळेच्या वर्गात घ्या. वेळ संध्याकाळी सातनंतरची किंवा रविवारची. पाणी येण्याची वेळ टाळा. नळाला पाणी सुटलं की बाई उठून जाणारच. धाकट्या भावंडांना सांभाळायला एक जण ठेवा. आई येऊ शकत नसेल तर आजी, मावशी, थोरली बहीण, जे कुणी संध्याकाळी मुलाला खाऊ घालतं त्याला बोलवा. वडिलांना मुद्दाम निरोप धाडा, कारण बऱ्याच घरांत शीतपेयाची बाटली आणि वडापावचा पुडा त्यांच्याच हातून घरी येतो. सुटलेल्या आठवड्यात आशाताईने दारावरून जाता जाता दोन मिनिटं उभं राहून विचारलं तरी धागा टिकतो.

पाच रुपयांचं पाकीट बंद केलं की घर डोक्यावर घेतो. काय करू?

एका दिवसात बंद करू नका. आधी आठवडाभर फक्त मोजा: रिकामी पाकिटं फेकायची नाहीत, एका पिशवीत साठवायची. रविवारी पिशवी जमिनीवर उलटी करायची आणि मुलाबरोबर मोजायची. दिवसाला तीन पाकिटं म्हणजे आठवड्याचे १०५ रुपये, महिन्याचे साडेचारशे. हा हिशोब पाहून बोलणं आपोआप सुरू होतं आणि मूल त्यात सामील होतं. मग दिवसाला तीनची दोन, दोनाची एक आणि पुढे आठवड्यातून दोन वार ठरलेले. वाचलेल्या पैशांतून मुलानेच निवडलेलं काहीतरी आणा, चेंडू किंवा रिंग.

पाकीट का मागतो हेही पाहा. शाळेतून आल्यावरची पाच वाजताची भूक खरी असते. त्या वेळेला घरात उसळ, फुटाणे, उकडलेलं अंडं, अर्धी भाकरी असं काहीतरी झाकून ठेवलेलं असेल तर निम्मी लढाई तिथेच संपते. गप्प बसावा म्हणून खाऊ आणि शिक्षा म्हणून उपास, दोन्ही टाळा.

शीतपेयं मात्र पूर्ण थांबवा, त्यात तडजोड नको. २५० मिलिलिटर कोलात साधारण २६ ग्रॅम साखर असते आणि लहान मुलाला दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत हवी. चहा-बिस्किटाचा नाश्ताही याच हिशोबात धरा.

डाएटचा तक्ता द्या ना.

छापील तक्त्यात ओट्स, पनीर, ब्रोकोली असतं आणि तो भिंतीवरच राहतो. त्यापेक्षा घरात जे शिजतं त्यात चार बदल करा, आणि ते सगळ्यांसाठी. एका मुलाला वेगळं ताट वाढलं की ते हिरमुसतं आणि चोरून खायला लागतं.

तेलाचा हिशोब माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवा. चार माणसांच्या घरात दोन लिटरची सोय करायची आणि महिनाभर त्यातच भागवायचं. फोडणी पिशवीतून न ओतता चमच्याने मोजून घाला. भाताचा ढीग थोडा कमी करून वरण घट्ट करा. मटकी, चवळी, हरभरा भिजवून मोड आणले की थोड्यात घरभर पुरतात. परवडत असेल तिथे ज्वारी-नाचणीची भाकरी. संध्याकाळी उरलेली भाजी मंडईत स्वस्त मिळते; मेथी, शेपू, दुधी, कोबी, मुळा, जे हंगामात पडेल त्या भावाला असेल ते घ्या. फळ म्हणजे सफरचंदच असं नाही. पेरू, केळं, बोरं, चिंचेच्या दिवसांत विलायती चिंच, सगळं चालतं. जेवताना फोन बाजूला आणि दुसऱ्यांदा वाढण्याआधी थोडं थांबायचं.

शाळेतलं पोषण आहाराचं जेवण बंद करू नका. पहिली ते पाचवीसाठी त्यात ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांचं प्रमाण ठरलेलं आहे. गोंधळ होतो तो शाळेतली खिचडी खाऊन आल्यावर पुन्हा पूर्ण जेवण वाढल्याने. शाळेत काय खाल्लं ते विचारून वाढा.

खेळायला जागाच नाही.

रोज एक तास अंग हलायला हवं, पण तो सलग हवा असं नाही. दोरीच्या उड्यांना दोन फरशा पुरतात. लंगडी, लगोरी, डब्बा ऐसपैस गल्लीत होतात. वस्तीतल्या मंडळाने पालिकेकडे अर्ज करून शाळेचं मैदान सुटीनंतर दोन तास उघडं मागावं. एखादं मोठं माणूस लक्ष ठेवायला असेल तर ते मिळू शकतं.

मुलींकडे इथे विशेष लक्ष द्या. पाळी सुरू झाली की त्यांचं बाहेर खेळणं बंद केलं जातं, भांडी-पाणी अंगावर येतं आणि सगळे म्हणतात, ‘काम करते की, व्यायाम होतोच.’ धाप लागेपर्यंत पळणं त्यात येत नाही. मुलींची वेगळी वेळ, सोबत एखादी ताई, एवढ्यावर बऱ्याच घरांतून परवानगी मिळते.

झोपेचाही विचार करा. शाळकरी मुलाला नऊ तासांच्या वर झोप लागते. रात्री बारापर्यंत टीव्ही चालू असलेल्या खोलीत ती मिळत नाही.

शाळेत ‘मोटू’ म्हणतात. घरीही चिडवल्याशिवाय सुधारत नाही.

चिडवून मूल बारीक झाल्याचं मी पाहिलेलं नाही. ते पीटीच्या तासाला पोट दुखतंय म्हणून बसतं, एकटं खातं, फोनमध्ये शिरतं. कुणाच्या पुढ्यात वजन घेऊन आकडा मोठ्याने सांगू नका. शिक्षकांना विनंती, की धावण्याच्या शर्यतीत मागे पडणाऱ्या मुलाला रस्सीखेच, गोळाफेक अशा खेळांत जागा द्या. तिथे त्याचं वजन त्याच्या कामी येतं. घरात बोलायचं ते ताकदीबद्दल, दम टिकण्याबद्दल.

सेविकांचा प्रश्न: आमच्याकडे कुपोषित मुलं शोधायचं काम आहे. त्यात हे कसं बसवायचं?

वजन-उंची तुम्ही घेताच. तक्त्याच्या खालच्या रेषांबरोबर वरच्याही बघा, एवढीच भर. पाच वर्षांखालचं मूल उंचीच्या मानाने वरच्या +२ रेषेपलीकडे असेल तर नोंद करून दवाखान्यात दाखवायला सांगा. बुटकं मूल वजनाने ‘सामान्य’ दिसतं आणि प्रत्यक्षात उंचीच्या मानाने जाड असतं. वयानुसार वजन एवढंच पाहिलं तर ते सुटतं. कमी वजनाचं मूल भरून काढतानाही साखर-तूप-बिस्किटांवर भर देऊ नका. डाळ, अंडं, शेंगदाणे, भाजी हा सल्ला दोन्ही टोकांच्या मुलांना एकच आहे.

शाळेच्या दाराशीच गाड्या लागतात. काही नियम आहे का?

आहे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. पण गाडी लावणारी बाई बहुधा त्याच वस्तीतली असते. तिला उठवण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीने तिच्याशी बोलावं. उकडलेले चणे, मक्याचं कणीस, पेरूच्या फोडी, काकडी यांवरही तिचा धंदा होतो, फक्त मुलांनी तेच घ्यावं असं शाळेने ठरवायला हवं. २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितलं. पालिका शाळेतली मुलंही तसा फलक पुठ्ठ्यावर स्वतः करू शकतात.

गोळी, इंजेक्शन, बारीक होण्याची पावडर?

जाहिरातीतली पावडर आणि काढे मुलांना देऊ नका. अमेरिकेत १२ वर्षांपुढच्या मुलांसाठी वजनाच्या काही इंजेक्शनांना मान्यता आहे, पण ती महाग आहेत आणि मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय द्यायची नाहीत. दुकानदाराच्या सल्ल्याने तर मुळीच नाही.

केव्हा थांबायचं नाही, लगेच डॉक्टरकडे न्यायचं?

मूल रात्री मोठ्याने घोरतं, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो आणि दिवसा वर्गात पेंगतं. सारखी तहान, सारखी लघवी, सोबत वजन उतरायला लागलं. कंबर, मांडी किंवा गुडघा दुखून लंगडतं. यात पाय टेकवू न देता त्याच दिवशी न्या, मांडीच्या हाडाचा सांधा सरकलेला असू शकतो. सतत डोकं दुखून नजर अंधूक होते. उंची थांबून वजन झपाट्याने वाढतं. दम्यासाठी किंवा त्वचेसाठी बरेच दिवस स्टिरॉइड चालू असेल तर त्यानेही वजन वाढू शकतं, पण ते औषध मनाने बंद करू नका. चिठ्ठी आणि औषधाचं रिकामं पाकीट दोन्ही डॉक्टरांकडे सोबत न्या.